बॉनेटचा डावा कोपरा

गाडीवर लावायची फिल्म स्वतःलाच चिकटली तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि तो एकटाच उभा राहून तिसऱ्यांदा "मूर्ख!" म्हणाला होता. नक्की कोण मूर्ख हे त्याने ठरवलं नव्हतं. यादीत बरेच जण होते. पहिला नंबर फोनवरच्या व्हिडिओतल्या हसऱ्या माणसाचा. तो हसरा एका चकचकीत, धूळ कशाशी खातात हे माहीत नसलेल्या खोलीत उभा राहून सांगत होता, की मागचा कागद हळूहळू सोडवा, चिकट बाजूवर साबणाचं पाणी मारत राहा, फिल्म पाण्यावर तरंगत बॉनेटवर जाऊन बसेल, अगदी सोपं आहे, कुणीही घरच्या घरी करू शकतं. कुणीही! इथे इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये, दोन खांबांच्या मधल्या अरुंद जागेत, गेली सव्वीस वर्षं केसाच्या जाडीचं काम करणाऱ्या माणसाने तसाच कागद सोडवला, तसंच पाणी मारलं, आणि वाऱ्याची झुळूक आली न आली तोच तो दीड मीटरचा पारदर्शक तुकडा मधोमध दुमडून स्वतःच्याच गळ्यात पडला. सोडवायला जावं तर ताणला जाई, ताणला की त्यावर दुधाळ रेघा उठत, आणि एक टोक सुटलं की तेवढ्यात दुसरं टोक बनियनला चिकटे. दहा मिनिटं त्याने त्या प्लास्टिकशी कुस्ती केली. शेवटी हात टेकले.

गोळा झालेली फिल्म त्याने बादलीशेजारी फेकली आणि पहिला तुकडा सरावासाठीच होता असं ठरवून टाकलं. रोल दोन बॉनेट होतील एवढा होता, म्हणजे अजून एक संधी होती. गाडी चार महिन्यांपूर्वी आली होती. गडद निळी, आणि रंग असा की बोट टेकलं तरी लपायचं नाही. रस्त्यावरचे खडे उडून बॉनेटवर टवके पडतात. ही फिल्म लावली की खडा फिल्मला लागतो, रंगाला लागत नाही. एवढं साधं प्रकरण. "दुकानात लावून घ्या ना," बायको तेव्हाच म्हणाली होती, "त्यांचं रोजचं काम आहे ते." "का? आपल्या हाताला काय झालंय?" असं तो बोलून गेला होता, आणि तोंडातून निघाल्यावर ते वाक्य त्याला स्वतःलाच नको तेवढं मोठ्याने ऐकू आलं होतं. मग रोल घरी आला आणि कपाटामागे उभा राहिला. दर रविवारी बायको विचारायची आणि दर रविवारी काहीतरी आडवं यायचं. वारा आहे, ऊन आहे, समोरच्या बांधकामाची धूळ आहे, नळाला जोर नाही. परवा, शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, पायातले बूटही न काढता त्याने कपाटामागून रोल ओढून काढला तेव्हा ती बघतच राहिली. "आज काय अचानक?" तिने विचारलं. "अचानक काय त्यात? चार महिने तुझंच ऐकतोय," तो खेकसला, आणि खेकसण्यासारखं काही नव्हतं हे त्याला कळलं, त्यामुळे तो आणखीच चिडला.

शुक्रवारी एक ब्रिज परत आला होता. तो स्वतः दातांच्या लॅबमध्ये काम करायचा. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्याचे साचे पाठवत, आणि त्यावरून कॅप, ब्रिज म्हणजे एकत्र जोडलेले दात, कवळ्या बनवून परत जात. त्याचं काम पहिलं. प्लास्टरच्या साच्यावर मेणाचे दात कोरायचे आणि दात जिथे हिरडीला भेटतो तिथली कड भिंगाखाली सुरीने कापायची. मग त्या मेणाच्या जागी धातू ओतला जाई, तो धातू शेजारच्या टेबलावर जाई, आणि तिथे बसणाऱ्या बाई त्यावर पोर्सेलीनचे थर देऊन भट्टीत भाजत. अकरा वर्षं त्या भट्टीसमोर बसत होत्या, म्हणून सगळी लॅब त्यांना भट्टीवाल्या बाई म्हणायची, तोंडावरही. तर चार दातांचा ब्रिज डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट परत आला. कड बसत नाही, फटीतून सुई आत जाते. दोन महिन्यांतला हा तिसरा. मालक तो तळहातावर घेऊन आले, त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बघा बरं काय झालंय." त्याने भिंगाखाली धरला आणि एका क्षणात त्याला कळलं काय झालंय. कड सरळ नव्हती. दोन ठिकाणी ती बारीक आत-बाहेर झाली होती, आणि तसली वळणं आगीने येत नाहीत, सुरीने येतात. त्याने भिंग उगाचच आणखी थोडा वेळ डोळ्याला धरून ठेवलं. "भट्टीत आकसलं असेल," तो म्हणाला. तीन शब्द. मालकांनी मान हलवली, शेजारच्या टेबलाकडे वळले आणि सगळ्यांच्या देखत भट्टीवाल्या बाईंना सांगितलं, की सोमवारपासून तुम्ही मागे कवळ्या घासायला बसा, भट्टीसाठी दुसरं कुणीतरी बघतो. बाईंनी फक्त वर पाहिलं, मालकांकडे नाही, त्याच्याकडे, आणि मग भट्टीचं झाकण बंद केलं. मालक जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमवारी अख्ख्या वरच्या जबड्याचं काम येतंय. चौदा दात. ते तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार?"

बस. एवढंच झालं होतं. कुणी ओरडलं नव्हतं, कुणी रडलं नव्हतं. पण बाईंच्या त्या दोन डोळ्यांनी त्याचा शनिवार खाल्ला होता आणि आता ते रविवारवर बसले होते. त्यात तक्रार असती तर बरं झालं असतं. तक्रारीला उत्तर देता येतं. आपण काय मुद्दाम म्हणालो का, हे तो शनिवारभर स्वतःला सांगत होता. पोर्सेलीन आकसतंच, त्यात खोटं काय? असेल, असं म्हटलं, आहे, असं नाही. आणि मालकांनी लगेच कारवाई करावी असं कुणी सांगितलं होतं त्यांना? आणि बाईंनी तरी तोंड उघडायला नको? अकरा वर्षं एका जागी बसलेल्या माणसाला दोन शब्द बोलता येऊ नयेत? असं सगळ्यांवर चिडून झालं की रागाला पुढे जायला जागा उरत नसे, आणि मग तो रोलकडे बघे. त्याच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसला होता. जो माणूस बॉनेटभर फिल्म एकही बुडबुडा न ठेवता लावू शकतो, तिची कड रेषेवर कापू शकतो, त्याच्या हाताला काही झालेलं नाही. आणि हाताला काही झालेलं नसेल तर कड भट्टीतच आकसली. मग तो खोटं बोललाच नाही. इतकं सोपं होतं ते. फक्त ही हरामखोर फिल्म नीट बसायला हवी होती.

त्याने बॉनेट पुन्हा धुतलं. मऊ मातीची वडी फिरवून रंगात रुतलेली धूळ उचलली, स्पिरीट मारून फडक्याने पुसलं, तळहात फिरवून पाहिलं. त्याचे तळहात हुशार होते, सगळं सांगायचे. उजव्या हाताचं मात्र गेले सहा महिने काहीतरी वेगळंच चाललं होतं. हवेत धरला तर तो शांत, ढिम्म. सुरी मेणाकडे जाईपर्यंतही शांत. टोक कडेला टेकणार, बरोबर त्या क्षणी अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी जागं व्हायचं आणि टोक एकदा, दोनदा डुलायचं, झोपाळू माणसाची मान डुलते तसं. पहिल्यांदा झालं तेव्हा त्याने पंख्याला दोष दिला. मग स्टूल बदललं. मग चष्म्याचा नंबर बदलून आणला. चहा सोडला, आठ दिवसांनी डोकं ठणकलं म्हणून परत धरला. श्वास रोखून कापायचं शिकला, तेव्हा काही दिवस बरे गेले. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगायचं काय? दुखत असतं तर सांगितलं असतं. ताप मोजता येतो, सूज दाखवता येते. हे भिंगाखालीच दिसायचं, आणि भिंग त्याच्याच डोळ्याला होतं.

"काय, धुताय वाटतं?" मागून आवाज आला आणि त्याने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर, इमारतीत त्यांना सल्लागार म्हणत, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन उभे होते. नाही, म्हशीला अंघोळ घालतोय, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. "फिल्म लावतोय," तो म्हणाला. सल्लागारांनी बादलीजवळचा गोळा पाहिला, बॉनेट पाहिलं, आणि ज्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही त्यावर बोलण्याआधी माणूस जसा घसा साफ करतो तसा केला. "बुडबुडे येतात हो यात. टाचणीने फोडायचे. माझ्या मेहुण्याने लावली होती. वर्षात पिवळी पडली." "बरं." "आणि मधून सुरू करू नका, कडेने सुरू करा." "मधूनच सुरू करायचं असतं." "असं? मेहुणा कडेने करायचा." "म्हणून पिवळी पडली असेल," तो म्हणाला, आणि शुक्रवारचं ते 'असेल' इथेही आलेलं पाहून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. सल्लागार खांबाला टेकून उभे राहिले. जायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं.

दुसरा तुकडा त्याने फार सावकाश घेतला. बॉनेटवर पाणी, बोटांवर पाणी, कागद वीतभर सोडवला की चिकट बाजूवर पाणी. साबणाच्या पाण्याने पार्किंगची जमीन बुळबुळीत झाली होती आणि मोजे ओले होऊन पायांना नकोसे झाले होते. पण फिल्म या वेळी दुमडली नाही. तो दोन कोपरे धरून बॉनेटवर वाकला, हळूच सोडली, आणि ती खरंच पाण्यावर तरंगली. सरकवली की सरकली. त्याने तिला सरळ केलं, दिव्यांच्या बाजूला थोडं ताणून स्पिरीटमिश्रित पाण्याने दोन ठिकाणी पकडून ठेवलं, रबरी पात्याची पट्टी घेतली आणि मध्यापासून कडेकडे पाणी ढकलायला लागला. एक ओढ, तिच्यावर अर्धी चढलेली दुसरी ओढ, मग तिसरी. पाणी पुढे पळत होतं आणि मागे फिल्म नाहीशी होत होती, नुसता निळा रंग उरत होता. त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं. मोठ्या हालचालीत त्याचा हात अजून राजा होता. त्याला उस्ताद आठवले, ज्यांच्याकडे तो वयाच्या तेविसाव्या वर्षी काम शिकला. उस्ताद प्लास्टरच्या ठोकळ्यावर मेणाचा पातळ थर द्यायचे आणि सुरी हातात देऊन म्हणायचे, "मेण काप. प्लास्टरला कळता कामा नये." कापून झालं की गरम पाण्याने मेण काढून टाकायचे आणि प्लास्टरवरून नख फिरवायचे. नख अडकलं की ठोकळा केराच्या टोपलीत. त्याचे दीड महिना ठोकळे टोपलीत गेले. मग एके दिवशी नख अडकलं नाही, आणि उस्ताद त्याची सुरी घेऊन आपल्या खिशातली सुरी त्याच्या हातात देऊन गेले. तो त्या दिवशी घरी चालत गेला होता, जवळजवळ तास लागला, आणि वाटेत दिसेल त्या माणसाच्या दातांकडे हसून बघत होता. ते सगळं त्याच्या हातानेच मिळालं होतं. त्याने कधी दुसरं काही कमावलंच नव्हतं. हात काढून घेतला तर बाकी जो माणूस उरतो तो कोण, हे त्याला खरोखर माहीत नव्हतं, आणि भीती वाटत होती ती त्याचीच.

"बसली की हो," सल्लागार म्हणाले, जरा नाराजीनेच. बसली होती. बॉनेटभर एक बुडबुडा नव्हता. उरली होती फक्त चारी बाजूंनी बोटभर लोंबणारी जास्तीची फिल्म. इथे फोनमधला हसरा पहिल्यांदा गंभीर झाला होता. त्याने बोट वर करून बजावलं होतं, की गाडीवर कधीही सुरी टेकवू नका. खूण करा, कड उचला, खाली कागद धरा आणि हवेत कापा. "बरोबर सांगतोय तो," सल्लागार फोनकडे वाकून म्हणाले. त्याला हसू आलं. हवेत कापायचं ते, ज्यांना हात नाहीत त्यांनी. थर कापायचा आणि खालच्याला कळू द्यायचं नाही, हे करत तर त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दुसरा कुणीही असता तर त्याने मुकाट्याने हसऱ्याचं ऐकलं असतं. त्याने लॅबमधून आणलेली नव्या पात्याची सुरी काढली आणि उजव्या बाजूने, थेट बॉनेटवर, कापायला सुरुवात केली.

उजवी बाजू लोण्यासारखी गेली. श्वास रोखून, खांद्यातून हात ओढत त्याने एका दमात कड कापली, जास्तीची पट्टी उचलली, आणि खालच्या रंगावर नख फिरवलं. नख अडकलं नाही. त्याने मान वर केली तेव्हा त्याला पार्किंगमधला तो कळकट दिवासुद्धा बरा वाटला. म्हणजे हात ठीक होता! सोमवारचे चौदा दात तर आलेच, पण शुक्रवारचंही सगळं बसलं, आकसलंच होतं ते, भट्टी जुनी आहे. पुढची बाजूही गेली. मग डावा कोपरा. तिथे बॉनेट गाडीच्या दिव्याशी वळतं, वळणावर सुरी ओढून चालत नाही, टोकावर फिरवावी लागते. त्याने श्वास रोखला. टोक टेकलं. आणि अंगठ्याच्या मुळाशी ते जागं झालं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पात्याखाली काहीतरी करकरलं, फिल्म अशी करकरत नाही. त्याने सुरी उचलली, फिल्मची पट्टी बाजूला केली आणि पाहिलं. निळ्या रंगात बोटाच्या पेराएवढी पांढरी रेघ होती. रंग जाऊन खालचा अस्तराचा थर दिसत होता. रेघ सरळ नव्हती. दोन ठिकाणी ती बारीक आत-बाहेर झाली होती.

ब्रिज त्याने भिंगाखाली पाहिला होता. ही रेघ बघायला भिंगाची गरज नव्हती. चार महिने खडे उडत होते, एकाही खड्याला जमलं नव्हतं ते त्याने रंगाच्या रक्षणासाठी करून दाखवलं होतं, आणि हे हसण्यासारखं आहे हे कळूनही त्याला हसू आलं नाही. कोपऱ्यावरची फिल्म अजून बसवायची होती. ती दोन बोटं पुढे ताणून रेघेवरून आत वळवली की काम झालं. वरून चकचकीत. जवळ जाऊन, वाकून, विशिष्ट उजेडात पाहिलं तरच दिसणार. त्याच्या हातांनी ते करायला घेतलंही, आणि फिल्म ताणून रेघेवर आणताना त्याला स्वतःची किळस आली. हेच तर तो करत होता. कड चुकायची, वरून पोर्सेलीन चढायचं, ब्रिज हिरडीखाली जायचा, आणि कुणाच्या तरी तोंडात त्या फटीत अन्न अडकून आतला दात हळूहळू सडायचा. तीन परत आले. न आलेले किती? हा प्रश्न त्याने सहा महिन्यांत एकदाही पुरा होऊ दिला नव्हता. तो आता पुरा झाला आणि जायला तयार होईना.

"जेवायला येणार आहात, की इथेच वाढू?" बायको जिन्यातून खाली आली होती. ती एका औषधांच्या दुकानात काम करायची, उभ्याने आठ तास काढायची, आणि रविवारी कुणी थांबायला लावलेलं तिला आवडत नसे. तिने बॉनेट पाहिलं. "अरे वा," ती म्हणाली. मग डाव्या कोपऱ्याशी आली, आणि त्याने फिल्म ताणून धरलेली असताना ती गाडी सोडून त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"सोडा ते," ती म्हणाली.

"होत आलंय."

"सोडा. हात बघा तुमचा."

"गार पाण्यात आहे तासभर. थरथरणार नाही तर काय?"

"सहा महिने गार पाण्यात आहे का?" ती शांतपणे म्हणाली. "सकाळी दाढी करताना मानेवर कापतं तुमच्या. मी रोज बघते. दुकानात रोज अशी दहा माणसं चिठ्ठी धरून उभी असतात समोर, मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?" तो एवढ्या जोराने ओरडला, की फिल्म त्याच्या बोटांतून सुटून उलटी झाली. खांबापाशी सल्लागारांनी वर्तमानपत्र उघडलं. "सहा महिने बघत बसलीस?"

"विचारलं की अंगावर येता. पंख्याला शिव्या देता. काय बोलायचं? वाटलं, सांगाल कधीतरी." ती वाकली आणि तिला रेघ दिसली. तिने नुसतं बोट ठेवलं. "जाऊ दे. गाडीच आहे. रंग लावता येतो. उद्या सुट्टी टाका, डॉक्टरला दाखवू. औषधं असतात यावर, कितीजण घेतात. एवढं काय त्यात?"

"उद्या चौदा दात आहेत," तो म्हणाला. आणि मग, का ते त्याला कळलं नाही, कदाचित तिने रेघेला जाऊ दे म्हटलं म्हणून, त्याने शुक्रवारचं सांगितलं. उभ्या उभ्या, ओल्या मोज्यांनी, तुटक तुटक. ब्रिज, चिठ्ठी, तीन शब्द, कवळ्या घासायला बसवलेल्या बाई. सांगताना वाटलं होतं, ती हाताबद्दल जशी बोलली तशीच बोलेल. तिने त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"हाताचं मी समजू शकते," ती म्हणाली. "हात काही तुम्ही सांगून थरथरत नाही. पण ते वाक्य तर तुम्हीच बोललात ना? का तेही आपोआप झालं?"

एवढं चिडून, एवढ्या जणांना मूर्ख म्हणून झाल्यावर यादीत एकच नाव उरलं होतं, आणि ते सकाळपासून तिथेच होतं. त्याने बनियनला हात पुसले, फोनवरच्या हसऱ्याला बंद केलं आणि भट्टीवाल्या बाईंचा नंबर लावला. अकरा वर्षांत त्याने त्यांना सुट्टीच्या दिवशी कधी फोन केला नव्हता. मागे कुकरची शिट्टी झाली, मग त्यांचा आवाज आला. "बोला."

"तो ब्रिज," तो म्हणाला. "तो भट्टीत आकसला नव्हता."

"मला माहीत आहे."

"कड माझ्याकडूनच चुकली होती. मी तुम्हाला..."

"मला माहीत आहे हो," त्या म्हणाल्या, वैतागून, दारात आलेल्या विक्रेत्याशी बोलावं तसं. "धातू माझ्या हातात येतो तेव्हा कड मी बघत नाही असं वाटतं का तुम्हाला? आधीचे चार-पाच मी पोर्सेलीनने भरून घेतले. वाटलं, माणसाला घरात काही त्रास असेल, जाईल. तो ब्रिज भरण्यासारखा नव्हता."

"मग शुक्रवारी बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर मालकांनी कुणाचं ऐकलं असतं? तुमचं. तुम्ही समोरच होता. मी तुमच्याकडे बघितलं, तेवढं पुरे व्हायला हवं होतं." त्या थांबल्या. "आता मला कशाला फोन केलात? मी माफ केलं म्हणायचं, म्हणजे तुम्ही जेवायला मोकळे? ज्याला माहीत नाही त्याला सांगा." आणि फोन ठेवला.

त्याला भयंकर राग आला. माणूस स्वतःहून कबूल करतोय आणि ही पद्धत? तो फोन हातात धरून उभा राहिला आणि राग कुठे ठेवावा ते शोधत राहिला, पण या वेळी तो कुठेच ठेवता येईना, कारण बाईंचं म्हणणं बरोबर होतं. त्याला खरंच तेच हवं होतं: त्या माफ करतील, प्रकरण दोघांत मिटेल, त्या कवळ्या घासतील आणि तो चौदा दात करेल. बायकोने जमिनीवरची रबरी पट्टी उचलली, सुटलेला कोपरा पाणी मारून सरळ केला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला, तिला त्यातलं काही येत नव्हतं तरी. ती थांबणार होती, हे दिसत होतं. सल्लागारही थांबणार होते. त्यांनी पान उलटलं नव्हतं. तो त्यांना जरा वर जा म्हणणार होता, मग त्याने ते सोडून दिलं. शुक्रवारीही ते सगळ्यांच्या देखतच झालं होतं.

मालकांनी तिसऱ्या रिंगला उचलला. "बोला, बोला! साचे आलेत का म्हणून विचारताय? आलेत, सुंदर आलेत, उद्या सकाळी तुमच्या टेबलावर."

"माझ्या टेबलावर ठेवू नका," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला होता तसा फुटला नाही. "परवाचा ब्रिज भट्टीत आकसला नव्हता. कड मी चुकीची कापली होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते दिसलं होतं. आधीचे दोनही माझेच. बाईंची काही चूक नाही. त्यांना भट्टीवरून उठवू नका."

"असं कसं होईल?" मालक म्हणाले. "तुमच्याकडून? उद्या आल्यावर निवांत बोलू आपण. दमला असाल. रविवार आहे..."

"उद्या नाही," तो म्हणाला. उद्या तो टेबलाशी बसेल, भिंग डोळ्याला लावेल आणि पुन्हा काहीतरी सुचेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. "माझा हात थरथरतो. सहा महिने झाले."

बायकोने मान वर केली नाही. फिल्मच्या खालून तिच्या बोटांजवळ पाणी ओघळत होतं.

"कोणता हात?" मालकांनी हळूच विचारलं.

"उजवा," तो म्हणाला. "कामाचा."